हिराईपासून ग्रामसभेपर्यंत : बाई आणि खुर्ची

चंद्रपूरच्या अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सगळ्यांत मोठी आणि देखणी समाधी बीरशहाची. ती बांधून घेतली त्याच्या राणीने, हिराईने. बायकोच्या आठवणीत नवऱ्याने बांधलेला ताजमहाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या आठवणीत बायकोने बांधलेली ही वास्तू मात्र चंद्रपूरच्या बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. चैत्रात ज्या महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसांचे लोंढे येतात, ते मंदिरही हिराईनेच बांधलं असं इथे सांगतात.

शाळेत इतिहास शिकवताना मुलांना हिराईबद्दल एवढंच सांगितलं जातं : राणी होती, मंदिर बांधलं, समाधी बांधली. जणू ती बांधकामखातंच सांभाळत होती! खरं तर ती राज्य सांभाळत होती. बीरशहाचा खून झाला तेव्हा त्याला मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या भाऊबंदांतून रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत चांद्याचा कारभार स्वतः पाहिला. काळ होता अठराव्या शतकाची पहिली दोन दशकं. औरंगजेब १७०७ मध्ये गेला होता, दिल्लीची पकड ढिली पडत होती, शेजारी देवगडचं गोंड राज्य जोरात होतं, मराठ्यांच्या फौजा विदर्भात फिरत होत्या. अशा दिवसांत राज्य अखंड ठेवून पुढच्या राजाच्या हाती देणं ही काही लहान गोष्ट नाही. तिच्यानंतर पन्नास वर्षंही चांद्याचं गोंड राज्य टिकलं नाही. १७५१ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास हा माझा विषय नाही, पण भाषेच्या माणसाला शब्दांचा हिशोब ठेवायची सवय असते. आपल्या भागाच्या इतिहासात बाईसाठी कोणते शब्द येतात ते मी बघत गेले. चंद्रपूर वसवण्याची दंतकथा घ्या. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. तो गुण राणीच्या लक्षात आला आणि तिथे शहर वसवा असा सल्लाही तिनेच दिला, असं कथा सांगते. राजाचं नाव पोराटोरांना पाठ आहे. सल्ला देणारी मात्र बहुतेक वेळा नुसतीच 'राणी' असते. सल्ला बाईचा आणि नाव राजाचं. हा आपला जुना रिवाज आहे.

हल्ली कंपन्यांच्या, बँकांच्या, संस्थांच्या संचालक मंडळांत बाया वाढल्या पाहिजेत असं सगळीकडे बोललं जातं. ही चर्चा मुंबई-दिल्लीची आहे, आपल्या जंगलपट्टीचा तिच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मला वाटतं फार जवळचा संबंध आहे. बाई खुर्चीवर कोणकोणत्या दारांनी पोचते आणि पोचल्यावर तिचं काय होतं, याचा तीनशे वर्षांचा नमुना चंद्रपूर-गडचिरोलीत आहे.

पहिलं दार : मरणाचं

हिराई गादीवर आली कारण नवरा मारला गेला. देवगडला १७३९ च्या सुमारास चाँद सुलतान वारला, वलीशहाने गादी बळकावली, तेव्हा त्याची विधवा रतन कुँवर हिने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. नागपूरच्या इतिहासाला तिथून वळण मिळालं. जरा मागे गेलं तर अहमदनगरची चाँदबिबी. नवरा अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेला, मग तिने आधी विजापुरात अल्पवयीन सुलतानाचा कारभार पाहिला आणि पुढे १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवला. गढामंडल्याची गोंड राणी दुर्गावती हीसुद्धा नवऱ्याच्या मागे अज्ञान मुलाच्या नावाने राज्य करत होती. १५६४ मध्ये ती रणात पडली. भोपाळच्या बेगमांची परंपराही अशीच सुरू झाली. १८१९ मध्ये नवाब गेला आणि कुदसिया बेगम पुढे आली. मधली काही वर्षं सोडली तर १९२६ पर्यंत भोपाळवर बायांचंच राज्य होतं.

गोंड असो, मुसलमान असो, दख्खन असो की माळवा, नमुना एकच आहे. पुरुष मेला आणि वारस लहान असला, की बाईला 'तोपर्यंत' खुर्ची मिळते. 'तोपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. तिने कितीही चांगला कारभार केला तरी ती कुणाची तरी जागा राखून बसलेली असते.

लोकशाही आली तरी हे दार लगेच बंद झालं नाही. आपल्या जिल्ह्याचे मा. सां. कन्नमवार मुख्यमंत्री असताना नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार चांद्यातून लोकसभेवर गेल्या. त्यानंतर २०२४ मध्ये प्रतिभा धानोरकर निवडून आल्या. त्यांचे पती खासदार बाळू धानोरकर यांचं आदल्या वर्षी निधन झालं होतं. पण दोघींमध्ये एक मोठा फरक आहे. प्रतिभाताई २०१९ मध्येच, पती हयात असताना, वरोऱ्यातून आमदार झाल्या होत्या. मधल्या काळात शोभाताई फडणवीस सावलीतून आमदार झाल्या आणि १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाल्या. म्हणजे साठ वर्षांत दार थोडं सरकलं आहे. पण किती सावकाश!

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हा लेख नुसता आरतीचा होईल. बाई खुर्चीवर बसली म्हणजे न्याय बसला असं नसतं. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली आणि लक्ष्मीबाईंना इंग्रजांनी आरपल्ली-घोटची ६७ गावं बक्षीस दिली. सत्ता हातात आली की बाईसुद्धा पुरुषाइतकीच शहाणी किंवा स्वार्थी असू शकते. बायांना जागा द्या ही मागणी त्या देवी आहेत म्हणून करायची नाही. त्या निम्म्या आहेत म्हणून करायची. पुरुषाला खुर्ची देताना तो संत आहे का हे आपण कधी तपासतो?

दुसरं दार : कायद्याचं

पुरुष जिवंत असताना बाईला खुर्चीपर्यंत नेणारं पहिलं मोठं दार आरक्षणाचं. त्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि स्थानिक निवडणुकांत बायांचे पॅनेल उभे करायचं ठरवलं. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात सगळ्याच्या सगळ्या पंच बाया निवडून आल्या. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि देशभर किमान एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या ५० टक्के केल्या.

आपल्याकडे त्याचं फळ दिसलं. चंद्रपूर महानगरपालिका झाल्यावर संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार, अंजली घोटेकर अशा महिला महापौर झाल्या. गावोगावी सरपंचपदावर बाया आल्या. आणि त्यांच्याबरोबर एक नवीन पदही आलं, जे कुठल्याच कायद्यात नाही : सरपंच पती. सही बाईची, बोलणं नवऱ्याचं. पंचायत समितीत गेलात तर साहेब लोक 'सरपंच आले' असं पुरुषाकडे बघून म्हणतात आणि सरपंच बाजूच्या बाकावर पदर सावरत बसलेली असते.

हे बघून पुष्कळ जण म्हणतात, आरक्षण फुकट गेलं. मला हे पटत नाही. एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. पंचायतीत प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं तिथे, विशेषतः पिण्याच्या पाण्यासारख्या, बायांना हव्या असलेल्या कामांवर जास्त खर्च झालेला त्यांना दिसला. डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याच चमूच्या बंगालमधल्या दुसऱ्या अभ्यासात, जिथे दोन वेळा महिला प्रमुख झाल्या, त्या गावांत मुलामुलींच्या शिक्षणातली दरी मिटलेली आढळली. शिक्षिका म्हणून मला हा निष्कर्ष पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. मुलगी रोज शाळेत जाताना पंचायतीच्या पाटीवर बाईचं नाव वाचते, तेव्हा तिच्या डोक्यात काय होतं ते कुठल्या भाषणाने होत नाही.

आरक्षणाचा खरा दोष वेगळा आहे. जागा फिरत राहते. बाई पाच वर्षांत काम शिकते, दप्तर वाचायला लागते, ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला लागते, आणि तेवढ्यात जागा खुली होते. खुल्या जागेवर तिला कुणी उभं करत नाही. 'आता तुमचं झालं ना, ताई,' असं म्हणतात. म्हणजे तेच हिराईचं 'तोपर्यंत'.

रस्ता आणि टेबल

आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बाया आंदोलनात कधी मागे नव्हत्या. गडचिरोलीत दारूमुक्तीची चळवळ १९८० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिच्यात होते, गावोगावच्या बाया होत्या. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली.

दारूबंदी बरोबर की चूक, ती अमलात आली का, यावर वाद आहे आणि तो असू द्या. मला त्यातली दुसरी गोष्ट दिसते. बंदी आणताना बायांना शेकडो किलोमीटर चालावं लागलं, वर्षानुवर्षं धरणं धरावं लागलं. ती उठवायला एक बैठक पुरली. रस्त्यावर बाया हजारांनी होत्या, टेबलाभोवती किती होत्या? जी माणसं मोर्चा काढू शकतात पण बैठकीला बसू शकत नाहीत, त्यांनी मिळवलेलं कधीही परत घेतलं जाऊ शकतं. संचालक मंडळ, कार्यकारिणी, समिती या शब्दांना आपण कंटाळवाणे समजतो. पण निर्णय तिथे होतात आणि इतिवृत्तही तिथेच लिहिलं जातं.

राज्यात दारूचं दुकान बंद करायला गावात मतदान घेण्याची तरतूद आहे. तिथे 'आडवी बाटली' हे बंदीचं चिन्ह. एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. मला ही तरतूद आवडते, कारण ती बायांकडून निवेदन घेत नाही, निर्णय घेते.

तिसरं दार : जंगलाचं

आता धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे चला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावामुळे देशभर गेली. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. मोहनभाई आता नाहीत. त्यांनी आपल्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लिहिलं, हे जाता जाता लक्षात ठेवा.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या संमतीने होतो. वरवर बघता ही मंद पद्धत वाटते. पण बायांसाठी तिचा अर्थ फार वेगळा आहे. बहुमताच्या बैठकीत मागे बसलेल्या पाच बायांना ओलांडून पुढे जाता येतं. सर्वसहमतीच्या बैठकीत त्यांना विचारावंच लागतं. त्यांनी मान हलवली नाही तर विषय पुढच्या सभेला जातो.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात तीन गोष्टी बायांच्या कामाच्या आहेत. लग्न झालेल्यांचा वैयक्तिक वनहक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया लागतात. आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या कोरमसाठी हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. इथे नुसती खुर्ची राखीव नाही, बायांशिवाय सभाच सुरू होत नाही.

कोरची तालुक्यात पुढचं पाऊल पडलं. तिथे बचत गटांतून उभा राहिलेला बायांचा संघ आधीपासून होता. तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा करू लागल्या तेव्हा या बायांनी आपली जागा मागितली. ठरलं असं, की प्रत्येक ग्रामसभेतून दोन पुरुष आणि दोन बाया प्रतिनिधी यावेत. निम्मे-निम्मे. ही महाग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबूच्या व्यवहाराचं बोलते, म्हणजे पैशाचं बोलते. ज्या हातांनी मोहफूल वेचलं, तेंदूची पुडकी बांधली, तेच हात आता भाव ठरवण्याच्या कागदावर आहेत.

या बाया एकदम तिथे पोचल्या नाहीत. बचत गटात त्यांनी वीस-पन्नास रुपयांचा हिशोब ठेवला, कर्ज कुणाला द्यायचं यावर भांडण केलं, बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसल्या. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ पासून आहे, तिची लोकसंचालित साधन केंद्रं बायाच चालवतात. 'उमेद'चे ग्रामसंघ आहेत, त्यांना अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असतात. सुटाबुटातले लोक ज्याला 'बोर्डाचा अनुभव' म्हणतात, तो आपल्याकडे शेकडो बायांना आहे. फक्त त्याला अनुभव म्हणायची कुणाची तयारी नाही. पतसंस्थेच्या संचालकपदासाठी माणूस शोधताना कंत्राटदार आठवतो, दुकानदार आठवतो, ग्रामसंघाची कोषाध्यक्ष आठवत नाही.

मोठ्या मंडळांचं काय?

सहकारी संस्थांच्या समितीत दोन जागा महिलांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याच्या सहकार कायद्यात आहे. कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत, आणि ठरावीक आकाराच्या इतर सार्वजनिक कंपन्यांत, किमान एक महिला संचालक सक्तीची केली. मुदत जवळ आली तेव्हा कित्येक कंपन्यांनी मालकाची बायको, मुलगी, बहीण मंडळावर नेमली. खेड्यातला सरपंच पती बघून हसणाऱ्या शहरानेही तेच केलं! म्हणून मग सेबीने पुढची अट घातली : एप्रिल २०१९ पासून मोठ्या ५०० आणि एप्रिल २०२० पासून मोठ्या १,००० कंपन्यांत किमान एक महिला संचालक 'स्वतंत्र', म्हणजे मालकाच्या घरातली नसलेली, हवी.

नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत ४० टक्के बाया मागितल्या. लायक बाया मिळणार नाहीत असं तिथेही म्हटलं गेलं. कायद्यामागे कंपनी बरखास्त करण्याचा धाक होता, आणि २००८ पर्यंत बाया मिळाल्या. एकटी बाई मंडळावर शोभेची होते. चाळीस टक्के असल्या की चहा कुणी आणायचा हा प्रश्न पडत नाही.

आपला जिल्हा कोळशाचा, विजेचा, सिमेंटचा आणि कागदाचा. जमीन कोणाची जाणार, धूळ कोणाच्या घरात येणार, पाणी कुठून उचललं जाणार हे अशाच मंडळांच्या बैठकांत ठरतं. तेव्हा हा विषय मुंबईचा नाही, आपल्या विहिरीचा आहे.

आपल्या मोहल्ल्याचं

आता घरचं बोलते. चांद्याने १९५२ मध्ये मुल्ला अब्दुल्लाभाई आणि १९७१ मध्ये अब्दुल शफी यांना लोकसभेत पाठवलं. या मातीने मुसलमान माणसाला परकं मानलं नाही, याचा मला अभिमान आहे. पण आपल्या अंजुमन, तालिमी संस्था, दर्गा आणि मशिदीच्या कमिट्या यांच्या यादीवर नजर टाका. मुलींची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी मंडळातही बाई सापडत नाही. मी जिथे काही वर्षं काम केलं त्या एका संस्थेत मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय तीन बैठका पुढे ढकलला गेला, कारण त्यावर बोलायला सगळ्या सदस्यांना संकोच वाटत होता. संकोच त्यांना होता आणि दुपारी घरी पळावं लागत होतं मुलींना. त्या टेबलावर एक जरी आई असती तर पहिल्याच बैठकीत काम झालं असतं.

कुणी म्हणेल, हा आपला रिवाज नाही. रिवाजाचं बोलायचं तर हजरत उमर यांनी आपल्या वक्फची देखरेख आपली मुलगी हजरत हफ्सा यांच्याकडे सोपवली होती. मुतवल्ली होणं बाईला नवं नाही. २०१३ च्या दुरुस्तीने राज्य वक्फ मंडळावर किमान दोन महिला सदस्य सक्तीच्या केल्या. जे चौदाशे वर्षांपूर्वी होतं ते कायद्याने सांगावं लागलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या, साल १९२०. त्याच विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू, नईमा खातून, मिळाल्या एप्रिल २०२४ मध्ये. मधली एकशे चार वर्षं लायक बाई जन्मलीच नाही, असं कोण म्हणेल?

शाळेत तर कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया हव्यात आणि तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. कागदावर त्या असतातही. बैठक ठेवली जाते सकाळी अकराला, ऐन रोवणीच्या दिवसांत, जेव्हा आई बांधीत चिखलात उभी असते. मग संध्याकाळी रजिस्टर तिच्या घरी जातं, ती सही करते आणि 'उपस्थित' होते.

तर करायचं काय?

इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात. त्या सोप्या आहेत आणि कुठल्याही संस्थेत उद्यापासून सुरू करता येतात.

एक, बैठकीची वेळ बायांना विचारून ठरवा. मजुरी, स्वयंपाक, रोवणी, तेंदू यांचं वेळापत्रक बघून ठरवलेली बैठक हे निम्मं आरक्षण आहे.

दोन, एकटीला नेऊ नका. किमान तिघी न्या. एकटी असली की तिला गप्प राहणं सोपं जातं आणि बाकीच्यांना तिला गप्प ठेवणं. कोरचीच्या बायांनी मूठभर जागा नव्हे, निम्म्या मागितल्या ते याचसाठी.

तीन, दप्तर तिच्या हातात द्या. जमाखर्च, ठराव, इतिवृत्त मराठीत, सोप्या अक्षरांत, बैठकीच्या आठ दिवस आधी. आपल्या मोहल्ल्यात गरज असेल तर उर्दूतही. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आम्ही शिक्षकांनी मुलींना सातवीपासून शिकवायला हवं. निबंध शिकवतो तसा ठराव लिहायला शिकवायला काय हरकत आहे?

चार, जागा खुली झाली तरी चांगलं काम केलेल्या बाईला पुन्हा उभं करा. 'तोपर्यंत' संपवण्याचा दुसरा मार्ग नाही. २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी १०६ वी घटनादुरुस्ती झाली. ती अमलात येण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हायची आहे. त्या जागांवर घरच्याच बायका-मुली बसणार, की ग्रामसभेत भाव ठरवणारी, पतसंस्थेचं कर्ज वसूल करणारी, रजिस्टर वाचून मगच सही करणारी बाई बसणार, हे दिल्लीत ठरणार नाही. ते आजच्या गावच्या समितीत आपण कुणाला बसवतो यावर ठरेल.

हिराईला राज्य मिळालं तेव्हा तिला आधी नवरा गमवावा लागला होता. आमच्या वर्गातल्या मुलींना खुर्चीसाठी कुणालाही गमवावं लागू नये. त्यांचे बाप, भाऊ, नवरे सगळे शंभर वर्षं जगोत, आणि बैठकीत त्यांच्या शेजारी बसून त्या आपलं मत मांडोत. तुमच्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या, शाळेतल्या समितीची यादी एकदा काढून बघा. बायांची नावं किती आहेत ते मोजा, आणि त्यांतल्या किती जणी मागच्या बैठकीत बोलल्या तेही विचारा.